चौथीच्या वर्गातले स्क्रॅच: दोन वर्षांच्या वापरानंतरचे परीक्षण

स्क्रॅच या संगणकावरच्या साधनात हिरव्या झेंड्यावर टिचकी मारली की मांजर उजवीकडे चालू लागते, पडद्याच्या कडेला पोहोचते आणि तिथेच अडकून राहते. कडेला लागल्यावर परत फिरायला सांगणारा निळा ठोकळा खाली जोडला की ते खरोखरच परत फिरते, पण पाय वर आणि डोके खाली अशा अवस्थेत. चौथीच्या वर्गात हे पहिल्यांदा घडले तेव्हा हसण्याचा गदारोळ बराच वेळ थांबला नाही. त्या गदारोळातच एक मुलगा उठून उभा राहिला, स्वतः गर्रकन वळून पाहिले आणि म्हणाला, "बाई, त्याला वळ म्हटलं म्हणून ते सगळंच्या सगळं वळलं." त्याचे म्हणणे अगदी बरोबर होते. मांजराची दिशा १८० अंशांनी बदलली होती आणि दिशेबरोबर त्याचे चित्रही फिरले होते. चित्राने केवळ डावीकडे किंवा उजवीकडे तोंड करावे असे सांगणारा वेगळा ठोकळा निळ्याच रकान्यात खाली असतो. तो मुलांनी शोधून काढला, जोडून पाहिला आणि मांजर सरळ चालू लागले. त्या तासाला मी फळ्यावर एक अक्षरही लिहिले नव्हते.

गेली दोन वर्षे मी एका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत, शनिवारच्या सकाळच्या शाळेत, चौथीच्या मुलांना स्क्रॅच शिकवते आहे. वर्गात सव्वीस मुले आणि चालू स्थितीतले संगणक सात, म्हणून तेरा-तेरा मुलांच्या दोन तुकड्या आणि एका संगणकापुढे दोघे अशी आमची मांडणी असते. पुढील परीक्षण याच अनुभवातून लिहिले आहे. संगणकाच्या पदवीशी माझा संबंध नाही. मी प्राथमिक शिक्षिका आहे आणि या साधनाकडे मी प्राथमिक शिक्षिकेच्याच नजरेने पाहते.

स्क्रॅच ही ठोकळे जोडून प्रोग्रॅम तयार करण्याची भाषा आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या (एमआयटी) मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझ्निक यांच्या 'लाइफलाँग किंडरगार्टन' या गटाने ती घडवली आणि २००७ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. २०१३ मध्ये आलेली दुसरी आवृत्ती थेट ब्राउझरमध्ये चालत असे, परंतु ती ब्राउझरला जोडाव्या लागणाऱ्या फ्लॅश या सॉफ्टवेअरवर उभी होती. फ्लॅश २०२० च्या अखेरीस बंद पडले, तोवर २ जानेवारी २०१९ रोजी तिसरी आवृत्ती येऊन तो प्रश्न मिटलेला होता. आज या साधनाचा कारभार स्क्रॅच फाउंडेशन ही ना-नफा संस्था पाहते. साधन पूर्णपणे मोफत आहे, ते आठ ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी आखलेले आहे, आणि डीजे मंडळी तबकडी मागेपुढे फिरवून वेगवेगळी गाणी एकमेकांत मिसळतात त्या क्रियेवरून त्याला हे नाव मिळाले आहे. चौथीतली मुले नऊ-दहा वर्षांची असतात, म्हणजे या वयोमर्यादेच्या अगदी खालच्या पायरीवर. पुढे मी ज्या अडचणी सांगणार आहे त्यांतल्या काहींचे मूळ या वयातच आहे.

या साधनाचा सर्वांत मोठा गुण ठोकळ्यांच्या आकारात आहे. काही ठोकळ्यांचा माथा गोलसर टोपीसारखा असतो, त्यांच्यावर दुसरे काही बसत नाही आणि प्रत्येक प्रोग्रॅमची सुरुवात त्यांच्यापासूनच होते. काहींना वर खाच आणि खाली दात असतो, ते एकाखाली एक बसतात. काही ठोकळे उघड्या जबड्यासारखे असून इतरांना पोटात घेतात. संख्या किंवा शब्द देणारे ठोकळे लांबट गोल असतात, तर हो किंवा नाही एवढेच उत्तर देणारे षटकोनी असतात, आणि षटकोनी खाचेत गोल ठोकळा कितीही दाबला तरी बसत नाही. याचा परिणाम असा होतो की अक्षरे टंकून लिहायच्या भाषांमध्ये नवशिक्याचा निम्मा वेळ ज्यात जातो, त्या कंसांच्या आणि विरामचिन्हांच्या चुका इथे घडूच शकत नाहीत. ज्या मुलाला कळफलकावर आपल्या नावाचे पहिले अक्षर शोधायला अर्धा मिनिट लागतो, त्याच्यासाठी ही सवलत किती मोठी आहे हे त्याच्या शेजारी बसल्याशिवाय कळत नाही. व्याकरणाच्या चुका अशा बाहेर पडल्या की उरतात त्या विचारातल्या चुका. त्या मात्र स्क्रॅच लपवत नाही आणि त्यांच्यावर लाल फुलीही मारत नाही. मांजराला जे सांगितले तेच मांजर करते आणि मुलाला ते डोळ्यांसमोर दिसते. वहीत चुकलेले उत्तर बाईंनी तपासून परत देईपर्यंत मुलाला बरोबरच वाटत असते. इथे तपासणी त्याच क्षणी होते आणि ती मूल स्वतः करते. मी हे साधन वापरते ते मुख्यतः यासाठी.

ठोकळ्यांच्या रंगांचाही उपयोग मी सुरुवातीला धरला होता त्याहून जास्त होतो. हालचालीचे निळे, दिसण्याचे जांभळे, घटनांचे पिवळे, नियंत्रणाचे नारिंगी, गणिती क्रियांचे हिरवे अशा नऊ रकान्यांत ठोकळे विभागलेले आहेत, आणि मुले रकान्यांची नावे न घेता "निळ्यातला वळायचा घे," "नारिंगी जबड्यात टाक" असेच एकमेकांना सांगतात. आम्ही ठोकळ्यांवरचा मजकूर इंग्रजीच ठेवला, कारण पाचवीनंतर मुलांना तोच समोर येणार आहे, आणि प्रत्येक ठोकळ्याचे मराठी नाव लिहिलेला मोठा तक्ता संगणकांच्या मागच्या भिंतीवर लावला. पहिल्या महिन्यानंतर तक्त्याकडे फारसे कोणी पाहत नव्हते. मात्र ज्या गोष्टींना मुलांनी स्वतः नाव द्यायचे असते, म्हणजे गुण मोजणारे चल (बदलती संख्या साठवणारी जागा), पात्रांना पाठवायचे संदेश आणि स्वतः घडवलेले ठोकळे, ती नावे देवनागरीत देता येतात. पात्रांच्या तोंडचे संवादही देवनागरीत लिहिता येतात. 'गुण', 'आईने हाक मारली', 'पाऊस सुरू' अशी नावे पडद्यावर दिसू लागली तेव्हापासून प्रोग्रॅम मोठ्याने वाचून दाखवायची मुलांची भीड चेपली.

आता कोनांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण या साधनाची खरी परीक्षा मी तिथे पाहिली. खाली डाव्या कोपऱ्यातल्या बटणावरून लेखणीचा विस्तार, म्हणजे जादा ठोकळ्यांचा संच, जोडून घेतला की मांजर चालेल तिथे रेघ उमटते. चौरस काढणे सोपे गेले: चार वेळा, शंभर पावले चाल, ९० अंश वळ. त्यानंतर मी त्रिकोण काढायला सांगितला, तिन्ही बाजू सारख्या. बहुतेक जोड्यांनी तीन वेळा चालायला सांगून ६० अंशांचे वळण दिले, कारण अशा त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा असतो हे कोणीतरी मोठ्या भावाच्या पुस्तकात पाहिलेले होते आणि ते वर्गभर पसरले होते. पडद्यावर त्रिकोणाऐवजी उघडे भांडे उमटले, म्हणजे षटकोनाचा बरोबर अर्धा भाग. पाठ केलेले उत्तर खरे आणि चित्र मात्र खोटे, असा हा पेच होता. मी खडू घेऊन व्हरांड्यात जमिनीवर मोठा त्रिकोण आखला आणि एका मुलीला त्याच्या रेघेवरून चालायला सांगितले. कोपऱ्यापाशी पोहोचल्यावर ती थांबली आणि वळताना तिचे तिलाच जाणवले की वळण फार मोठे घ्यावे लागते आहे. चौरसाच्या कोपऱ्यावर जितके वळले त्याहून कितीतरी जास्त, जवळजवळ मागे तोंड होईपर्यंत. "बाई, मी आतला कोन चालतच नाही, मी बाहेरून वळते," हे तिचे शब्द मी त्याच दिवशी वहीत टिपून ठेवले. त्यानंतर १२० हा आकडा कोणालाही पाठ करावा लागला नाही.

आपल्या शरीराने चालून भूमिती समजून घेण्याची ही कल्पना जुनी आहे. सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये लोगो ही मुलांसाठीची भाषा तयार केली, त्यातील कासव याच रीतीने पुढे चाले आणि वळे. स्क्रॅचचे मांजर त्या कासवाच्याच कुळातले आहे. पॅपर्ट यांचा आग्रह असा की मुलांच्या साधनाचा उंबरा ठेंगणा असावा आणि छत उंच असावे, म्हणजे आत येणे सोपे आणि आत आल्यावर वाढायला जागा भरपूर. रेझ्निक यांनी त्याला भिंती रुंद असाव्यात अशी जोड दिली, म्हणजे प्रत्येकाने एकाच वाटेने वर चढावे असे बंधन नको. चौथीपुरते बोलायचे तर उंबरा खरोखर ठेंगणा आहे आणि भिंती खरोखर रुंद आहेत. त्रिकोणाच्या पुढच्याच आठवड्यात एका जोडीने चौरसाचा अख्खा गठ्ठा आणखी एका जबड्यात टाकला, प्रत्येक चौरसानंतर १० अंश वळायला सांगितले आणि ते ३६ वेळा चालवले. पडद्यावर फुलासारखी रांगोळी उमटली. १० गुणिले ३६ म्हणजे एक पूर्ण फेरा, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. रांगोळी अर्धवट राहिली तेव्हा त्यांनी आकडा वाढवत नेला आणि रेघा पुन्हा त्याच रेघांवरून जाऊ लागल्या तेव्हा थांबवला.

गोष्टी रचण्याच्या कामात या साधनाची वेगळी बाजू समोर येते. दुसऱ्या सत्रात मुलांनी आठवडी बाजाराचा प्रसंग करायला घेतला: भाजीवाली, गिऱ्हाईक आणि मध्येच येणारी शेळी. दोन पात्रे बोलणार म्हणजे एकाने बोलत असताना दुसऱ्याने थांबायला हवे. मुलांनी सहज सुचणारा उपाय केला. भाजीवाली दोन सेकंद बोलते, म्हणून गिऱ्हाइकाला दोन सेकंद थांबवले, मग गिऱ्हाईक तीन सेकंद बोलते, म्हणून भाजीवालीला तीन सेकंद थांबवले, आणि असे करत सहा वाक्ये छान जमली. नंतर एकाला वाटले की "मेथी कशी दिली?" हे वाक्य वाचायला वेळ पुरत नाही, म्हणून त्याने तिथे दोनचे चार सेकंद केले आणि पुढचा सगळा बाजार कोलमडला. भाजीवाली भाव सांगायच्या आधीच गिऱ्हाईक पैसे देऊ लागले आणि शेळी अजून यायचीच होती तेव्हा "शेळी हाकला" अशी आरोळी उठली. एक आकडा बदलला म्हणून पुढचे सगळे आकडे बदलावे लागतात, ही गोष्ट मुलांना तेव्हा फार झोंबली, आणि त्या झोंबण्याच्या क्षणीच मी त्यांना संदेशाचा पिवळा ठोकळा दाखवला. एका पात्राने आपले बोलणे संपवून संदेश पाठवायचा आणि दुसऱ्याने तो मिळाल्यावरच बोलायला सुरुवात करायची. हाच ठोकळा मी पहिल्या वर्षी आधी शिकवून ठेवला होता आणि कोणीही तो वापरला नव्हता, कारण त्याची गरज कोणाला पडलेली नव्हती. शिक्षकांनी स्क्रॅच कसे वापरावे याबद्दल मला जे काही कळले आहे, त्यातला मोठा भाग या दोन वर्षांमधल्या फरकात आहे. ठोकळे दाखवण्याचा क्रम पुस्तकातल्या धड्यांसारखा आधी ठरवून ठेवता येत नाही. मुलांच्या कामात अडचण उभी राहीपर्यंत थांबावे लागते.

गुण मोजणाऱ्या खेळांबद्दल थोडक्यात. पडणारी फळे टोपलीत झेलायची, प्रत्येक फळाला एक गुण, हा खेळ चौथीची मुले तीन-चार तासांत उभा करतात. तिथे गुणांची संख्या नेमकी ठरवून देणारा ठोकळा आणि आहे त्या संख्येत बदल करणारा ठोकळा यांत हमखास गोंधळ होतो. पहिला वापरला तर कितीही फळे झेलली तरी गुण कायम एकच राहतो. दुसरा वापरला पण सुरुवातीला शून्य करायचे राहून गेले, तर नवा डाव आदल्या डावाच्या गुणांवरूनच सुरू होतो. दोन्ही चुका मुलांना पाहता क्षणी कळतात, कारण खेळात अन्याय झाला की चौथीच्या मुलाच्या नजरेतून तो सुटत नाही.

याच जातीचा एक दोष मात्र साधनाच्या रचनेत आहे. हिरवा झेंडा दाबला म्हणजे सगळे पुन्हा पहिल्यासारखे होते, अशी प्रत्येक मुलाची समजूत असते, आणि ती तशी असणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात झेंडा दाबल्याने केवळ प्रोग्रॅम सुरू होतो. मांजर गेल्या वेळी जिथे थांबले तिथेच असते, लपवले असेल तर लपलेलेच राहते, आकार लहान केला असेल तर लहानच दिसते. म्हणून प्रत्येक पात्राला सुरुवातीची जागा, दिशा, आकार आणि दिसणे हे सगळे सांगून मगच पुढे जावे लागते. मोठ्या मुलांना ही सवय लवकर लागते. नऊ वर्षांच्या मुलाला "कालच चालत होतं, आज का नाही?" या प्रश्नाचे उत्तर स्वतःहून सापडत नाही, आणि इथे शिक्षकाने मदत केलीच पाहिजे. मी आता पहिल्या महिन्यातच 'आवराआवर' नावाचा स्वतःचा ठोकळा मुलांकडून करून घेते आणि तो झेंड्याच्या लगेच खाली लावायला सांगते.

दुसरी अडचण सहनिर्देशकांची, म्हणजे पात्राची जागा सांगणाऱ्या आकड्यांची. पडदा ४८० बाय ३६० ठिपक्यांचा असून मध्यबिंदू शून्य धरलेला आहे, त्यामुळे डावी कड उणे २४० आणि खालची कड उणे १८० होते. चौथीत ऋण संख्या शिकवलेल्या नसतात. विहिरीच्या काठावर शून्य, पाण्याकडे उतरू लागले की उणे, असे चित्र काढून मी वर-खाली समजावते आणि ते चालते, पण डावीकडच्या उणेसाठी इतके चपखल चित्र मला अजून सापडलेले नाही. सध्या मी मुलांना पात्र माऊसने ओढून हव्या त्या जागी नेऊ देते आणि निळ्या रकान्यात आपोआप दिसणारे त्या जागेचे आकडे जसेच्या तसे उचलू देते. एवढ्यावर काम भागते. उत्सुक मूल उणेच्या चिन्हाबद्दल विचारतेच, आणि विचारले की सांगते.

तिसरी अडचण विपुलतेची आहे. पात्रे, पार्श्वभूमी आणि आवाज यांचा संग्रह इतका मोठा आहे की ठरवून दिलेला वेळ नसेल तर सगळा तास निवडण्यातच जातो. ज्या मुलाने चाळीस मिनिटे पात्रांचे कपडे रंगवले त्याने वेळ वाया घालवला असे मी म्हणणार नाही, कारण त्याने रंगवलेले पात्र त्याचे स्वतःचे असते आणि त्यासाठी तो पुढे जास्त खपतो. तरीही शनिवारी मिळणाऱ्या मोजक्या वेळात मला पहिली दहा मिनिटे निवडीची आणि बाकीची जोडणीची असा नियम करावा लागला आहे.

पहिली-दुसरीच्या मुलांसाठी हे साधन नाही, आणि काही शाळा सगळ्या इयत्तांना एकाच पडद्यापुढे बसवतात ते मला मुळीच पटत नाही. त्या वयासाठी स्क्रॅचज्युनिअर हे वेगळे मोफत ॲप आहे. तेव्हा टफ्ट्स विद्यापीठात असलेला मरिना उमास्की बर्स यांचा गट, एमआयटी आणि प्लेफुल इन्व्हेन्शन कंपनी यांनी मिळून ते केले, २०१४ मध्ये ते प्रथम आयपॅडवर आले आणि पुढे अँड्रॉइडच्या टॅबवरही मिळू लागले. ते पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्यातले ठोकळे डावीकडून उजवीकडे, वाक्य लिहावे तसे जुळतात आणि त्यांच्यावर शब्द नसून चित्रे असतात, त्यामुळे भाषेचा प्रश्न उद्भवत नाही. एका गोष्टीला चारच पाने करता येतात, आणि ही मर्यादा मला फार आवडते. सुरुवात, मधले दोन प्रसंग आणि शेवट एवढ्यात गोष्ट बसवायची म्हणजे सहा वर्षांच्या मुलालाही काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे ठरवावे लागते. दुसरीच्या वर्गात मी ते काही आठवडे वापरून पाहिले आणि अक्षरओळख डळमळीत असलेल्या मुलांनीही गोष्टी पूर्ण केल्या.

पायऱ्यापायऱ्यांनी सोडवायची कोडी देणारी ठोकळ्यांची साधनेही बरीच आहेत. डिसेंबर २०१३ मध्ये 'अवर ऑफ कोड' हा उपक्रम सुरू झाल्यापासून ती शाळाशाळांत पोहोचली. क्रम आणि पुनरावृत्ती यांच्या सरावाला ती चांगली आहेत, पहिल्या दोन तासांना मीही तशी कोडी देते. परंतु कोड्याला ठरलेले उत्तर असते आणि मुलांचे लक्ष पुढची पायरी गाठण्याकडे लागते. भाजीवाली आणि शेळी तिथे येत नाहीत.

ज्या शाळांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी व्यवहाराच्या दोन गोष्टी. स्क्रॅचचे ॲप संगणकावर उतरवून घेतले की इंटरनेट नसतानाही चालते, आणि प्रत्येक प्रोग्रॅम फाइल म्हणून आपल्याच संगणकात राहतो. संकेतस्थळावर खाते उघडले तर जगभरच्या मुलांची कामे पाहता येतात आणि त्यांत बदल करून आपली आवृत्ती बनवता येते, शिक्षकांना वर्गासाठी खाती काढून देण्याची सोयही आहे. तरीही चौथीच्या मुलांना अनोळखी लोकांच्या प्रतिक्रियांपासून दूर ठेवावे असे माझे मत आहे, म्हणून आम्ही ॲपवरच काम केले. दुसरी गोष्ट जतन करण्याची. गेल्या पावसाळ्यात तास संपायला पाच मिनिटे असताना वीज गेली आणि सातही संगणकांवरचे बाजार पुसले गेले, कारण मधूनमधून जतन करायला सांगणे माझ्याकडून राहून गेले होते. एक मुलगी रडली. पुढच्या शनिवारी त्यांनी तेच काम निम्म्या वेळात आणि पहिल्यापेक्षा नीटनेटके उभे केले हे खरे, पण त्या मुलीचा चेहरा मी विसरलेले नाही, आणि तेव्हापासून वर्गात दर पंधरा मिनिटांनी घंटा वाजते.

पालक मला विचारतात की यामुळे मूल पुढे संगणक अभियंता होईल का, कारण घरी फोन करून तसे सांगणाऱ्या क्लासेसची कमी नाही. मी त्यांना वर्गात बोलावते आणि आपल्या मुलाच्या मागे पंधरा मिनिटे उभे राहायला सांगते, अट एवढीच की काही बोलायचे नाही आणि माऊसला हात लावायचा नाही. ही अट मी स्वतःलाही घालून घेतली आहे. माऊस शिक्षकाच्या हातात गेला की मूल खुर्चीत मागे सरकते आणि प्रोग्रॅम बाईंचा होतो.

व्हरांड्यात त्रिकोणावर चालणाऱ्या त्या मुलीने नंतर पंचकोन काढायला घेतला. मला विचारले, मी उत्तर दिले नाही. तिने वळणाला ८० घालून पाहिले, रेघा एकमेकींवरून पुढे गेल्या. ७० घातले, तोंड उघडे राहिले. ७५, मग ७२, आणि चित्र मिटले. वहीच्या पुठ्ठ्यावर तिने ३ पुढे १२०, ४ पुढे ९०, ५ पुढे ७२ असे लिहून ठेवले होते, आणि पुढच्या शनिवारी ६ पुढे न चालवताच ६० लिहिले. मग ती सप्तकोनाकडे वळली. ५१ घातले तर शेवटच्या कोपऱ्यात केसाएवढी फट राहायची, ५२ घातले तर रेघ किंचित पलीकडे जायची. तिने पुठ्ठ्यावर ३६० ला ७ ने भागले आणि बाकी ३ उरली तशी ती थबकली. "बाई, याला पूर्ण भाग जातच नाही. मग मांजर वळणार कसं?" मी तिला हिरव्या रकान्यातला भागाकाराचा ठोकळा दाखवला. तिने तो वळणाच्या आकड्याच्या जागी अलगद सोडला, एका खाचेत ३६० लिहिले, दुसरीत ७, आणि झेंडा दाबला. फट राहिली नाही. तिने लगेच ७ खोडून ११ लिहिले.